प्रिऑनचे आजार आणि ‘पुरावा नाही’ हे वाक्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘झॉम्बी हरीण’ अशा भडक नावाने गाजलेल्या, हरणांना प्रिऑनमुळे होणाऱ्या आजाराच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यांच्या शेवटी एक वाक्य हमखास असते: हा आजार माणसाला होतो याचा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही. वाक्य अक्षरशः खरे आहे. मात्र मथळ्यात भीती आणि शेवटच्या ओळीत दिलासा अशी मांडणी केली, की प्रिऑनच्या आजारांत नेमके कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, हे वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही. विकृतिशास्त्र शिकवण्यात नोकरीची सारी वर्षे घालवलेला एक अध्यापक या नात्याने या प्रश्नाविषयी जरा सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करायची झाल्यास इतिहास कापावा, पण शस्त्रक्रियेच्या उपकरणांविषयीचा मजकूर ठेवावा, ही विनंती.

प्रिऑन हा विषाणू, जिवाणू किंवा बुरशी यांपैकी कशातच मोडत नाही. प्रत्येकाच्या मेंदूतील पेशींवर एक प्रथिन असते आणि ते तयार करण्याची सूचना विसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. हे प्रथिन कधी चुकीच्या रीतीने दुमडले गेले, तर ते संपर्कात येणाऱ्या निरोगी प्रथिनांनाही तसेच दुमडायला लावते. हळूहळू अशा प्रथिनांचे थर साचतात, पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप स्पंजासारखा छिद्राछिद्रांचा दिसू लागतो. केवळ प्रथिनाने संसर्ग होऊ शकतो ही कल्पना स्टॅनले प्रुसिनर यांनी 1982 मध्ये मांडली तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी ती उडवून लावली होती. 1997 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या साऱ्यातील एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जंतू मारण्याचे आपले बहुतेक उपाय त्यांच्या जनुकीय द्रव्यावर किंवा पेशीवर घाव घालतात आणि प्रिऑनला यांपैकी काहीच नसते. त्यामुळे अल्कोहोल, अतिनील किरण, फॉर्मॅलिन आणि नेहमीच्या तापमानाचा ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) यांना तो पुरून उरतो.

माणसातील प्रिऑनच्या आजारांपैकी सुमारे 85 टक्के रुग्णांना हा आजार कोठूनही ‘लागलेला’ नसतो. क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराचा हा तुरळक प्रकार दर 10 लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन जणांना होतो, बहुधा साठीच्या पुढे, आणि तो का उद्भवतो याचे कारण सापडत नाही. कालपर्यंत हिशेब ठेवणारा माणूस काही आठवड्यांत घरातली वाट चुकू लागतो, तोल जातो, हातपाय झटके देऊ लागतात. दार जरा जोरात लागले तरी सारे अंग दचकून उडते. बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आत, अनेकदा चार-सहा महिन्यांतच दगावतात. आणखी 10 ते 15 टक्के रुग्णांत दोष जनुकातून वारशाने आलेला असतो. झोप पूर्णपणे हिरावून घेणारा आनुवंशिक निद्रानाश याच गटातला. उरलेले फार थोडे, शेकड्यात एकाहूनही कमी रुग्ण बाहेरून आलेल्या प्रिऑनमुळे आजारी पडतात. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे तो या लहानशा गटाचा.

सोबत राहणे, स्पर्श, खोकला, एका ताटात जेवणे, अंथरुणाशी बसून सेवा करणे यांतून हा आजार पसरत नाही. रुग्णाच्या जोडीदाराला तो होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असल्याचे दशकांच्या निरीक्षणात दिसलेले नाही. तरीही रुग्णाला वेगळ्या खोलीत कोंडले जाते, परिचारिका नको इतक्या कपड्यांत गुरफटून येतात आणि अंत्यसंस्काराच्या वेळी नातेवाइकांना दूर उभे केले जाते, अशा हकिकती जगभरातून येत राहतात. ज्याला बोलताही येत नाही अशा माणसाच्या अखेरच्या आठवड्यांत त्याच्या हाताला हात लावायला कोणी धजू नये, याला शास्त्राचा कसलाही आधार नाही.

बाहेरून आलेल्या प्रिऑनचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या पूर्व डोंगराळ भागातील फोरे लोकांत पसरलेला कुरू. व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजदुसेक यांनी 1957 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बळी पडत होत्या त्या प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले, कारण मृत आप्ताचा देह खाऊन त्याला निरोप देण्याच्या तेथील प्रथेत मेंदूचा भाग त्यांच्या वाट्याला येई. गंमत अशी, की या कोड्याचा धागा एका पशुविकृतितज्ज्ञाच्या हाती लागला. विल्यम हॅडलो हे मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ आजाराचा अभ्यास करत असत. लंडनमधील एका प्रदर्शनात कुरूने दगावलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रे पाहून त्यांना आपल्या मेंढ्यांचे काप आठवले आणि 1959 मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांना पत्र लिहून त्यांनी हे साम्य दाखवून दिले. कुरूचा संसर्ग चिंपांझीला करून दाखवण्याचे प्रयोग त्यानंतरचे आहेत. ती प्रथा 1950 च्या दशकाच्या अखेरीस थांबली, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कुरू झाला नाही. पण आधी बाधा झालेल्यांपैकी काहींत तो 50 वर्षांहून अधिक काळाने प्रकटला. अर्धशतकाचा सुप्तकाळ हीच या आजारांची खरी दहशत आहे. आज चूक झाली तर तिचा हिशेब पुढच्या पिढीतील डॉक्टरपुढे येतो आणि तोवर चूक करणारा निर्धास्त असतो.

ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. गाईगुरांतील नवा आजार, पुढे ‘मॅड काऊ’ या नावाने गाजलेला, तेथे नोव्हेंबर 1986 मध्ये ओळखला गेला. कत्तलखान्यातील टाकाऊ अवशेषांपासून केलेले मांस-अस्थिचूर्ण गुरांच्या खाद्यात मिसळले जात होते आणि त्यातून हा आजार गुरांतून गुरांत फिरत होता. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना असे खाद्य घालण्यावर जुलै 1988 मध्ये बंदी आली, पण डुकरे-कोंबड्यांच्या खाद्यात ते चालूच राहिले आणि खाद्याच्या गिरण्यांत एका मालाची भुकटी दुसऱ्यात मिसळत राहिली. बंदीनंतर जन्मलेली 40 हजारांहून अधिक जनावरे आजारी पडली ती मुख्यतः यामुळे. बाधित मेंदूचा एक मिलिग्रॅमही वासराला बाधा करायला पुरतो, हे पुढे प्रयोगांतून कळले. बंदी लिहिणाऱ्यांनी इतक्या सूक्ष्म भेसळीचा विचार केला नव्हता. 1993 च्या सुरुवातीस आठवड्याला सुमारे 1,000 गुरे आजारी आढळत होती. एकूण आकडा 1 लाख 80 हजारांवर गेला.

त्या दशकात ब्रिटिश सरकार सांगत काय होते? गोमांस सुरक्षित आहे, माणसाला धोका असल्याचा पुरावा नाही. 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला, तो प्रसंग आजही दाखवला जातो. मंत्र्यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीच्या 2000 मधील अहवालाचाही रोख लोकांना धास्तावू नये म्हणून सरकारने धोका कमी करून मांडला, असाच होता. पण ज्या आजाराचा सुप्तकाळ दहा-वीस वर्षांचा असू शकतो, त्याच्याबाबत चौथ्या-पाचव्या वर्षी ‘पुरावा नाही’ म्हणण्याला अर्थ किती? पुरावा हाती येण्याची वेळच झालेली नव्हती. 20 मार्च 1996 रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत उभे राहून गुरांच्या आजाराचा संसर्ग हेच माणसांतील नव्या आजाराचे सर्वाधिक संभाव्य कारण असल्याचे सांगावे लागले. क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराच्या या नव्या, ‘व्हेरियंट’ प्रकाराने ब्रिटनमध्ये 178 जण दगावले. त्यांचे मध्यम वय 28 च्या आसपास होते.

हा आजार ओळखला तरी कसा गेला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एडिंबरामध्ये 1990 मध्येच क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजारावर देखरेख ठेवणारे एक छोटे केंद्र सुरू करण्यात आले होते. देशभरातून संशयित रुग्णांची माहिती एका ठिकाणी येत होती, म्हणूनच रॉबर्ट विल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दहा तरुण रुग्ण नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत, त्यांच्या मेंदूतील साठ्यांची ठेवण निराळी आहे, हे दिसले. हेच दहा जण दहा वेगवेगळ्या रुग्णालयांत मनोविकार किंवा अनाकलनीय मेंदूज्वर अशा नोंदींखाली गेले असते, तर दुवा जुळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. जेथे अशी नोंदणी नाही तेथे रुग्ण आढळत नाहीत, यात नवल ते काय? अलीकडे अनेक देशांत तुरळक प्रकाराचे आकडे वाढल्याच्या बातम्या येतात. त्यांकडेही याच नजरेने पाहावे लागते. मेंदूचे विशेष एमआरआय आणि पाठीच्या मणक्यातील द्रवात दोषी प्रथिन वाढवून दाखवणारी आरटी-क्विक चाचणी यांमुळे पूर्वी नुसता स्मृतिभ्रंश म्हणून निसटणारे रुग्ण आता पकडले जाऊ लागले आहेत, शिवाय लोकसंख्येचे वय वाढते आहे. या वाढीला साथ म्हणणे घाईचे ठरेल.

व्हेरियंट आजाराचे प्रकरण 178 या आकड्यावर मिटले असेही मानू नये. तो रक्तावाटेही जाऊ शकतो हे ब्रिटनमध्येच दिसून आले: बाधित दात्याचे, पांढऱ्या पेशी न गाळलेले रक्त मिळालेल्या तीन जणांना आजार झाला आणि चौथ्यात लक्षणांविना बाधा सापडली. तेथे 1999 पासून दान केलेल्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळण्यात येतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या 32,441 आंत्रपुच्छांच्या तपासणीत 16 नमुन्यांत दोषी प्रथिन आढळले, म्हणजे साधारण दोन हजारांत एक; 2013 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या एका पाहणीत साथीच्या आधीच्या काळातील नमुन्यांतही असे मोजके प्रथिन सापडल्याने या आकड्याचा अर्थ लावणे अवघड झाले आहे आणि त्यावरून येऊ घातलेल्या लाटेची भाकिते करणे मला योग्य वाटत नाही. पण आणखी एक बाब आहे. प्रिऑनच्या जनुकात 129 या जागी प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन अक्षरे मिळतात. 2016 पर्यंत ज्या रुग्णांची तपासणी झाली त्या सर्वांत ही दोन्ही अक्षरे एकाच प्रकारची होती. त्या वर्षी दगावलेल्या एका रुग्णात ती भिन्न निघाली. अशा जनुकीय ठेवणीत सुप्तकाळ अधिक लांब असतो हे कुरूच्या अभ्यासातून ठाऊक आहे. अमेरिकेने 2022 मध्ये ब्रिटनमध्ये राहिलेल्यांवरची रक्तदानाची जुनी बंदी उठवली, तो निर्णय उपलब्ध माहितीवर बेतलेला आणि माझ्या मते बरोबर आहे. बंदी उठली म्हणून देखरेखीची तरतूदही आटवली गेली, तर मात्र ती मोठी चूक ठरेल.

आता आमच्याच व्यवसायाकडे वळतो, कारण गोमांसाने जितकी माणसे मारली त्याहून अधिक वैद्यकीय उपचारांतून दगावली आहेत आणि त्याची चर्चा फार कमी होते. वाढ खुंटलेल्या मुलांना एके काळी मृतांच्या पियुषिका ग्रंथींपासून काढलेले संप्रेरक टोचले जाई. हजारो ग्रंथी एकत्र करून एक घाणा तयार होई. त्यांतील एखादी बाधित असली तरी सारा घाणा दूषित. अमेरिकेत हे 1985 मध्ये थांबले, कारण उपचार घेतलेले तरुण क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराने दगावू लागले होते. सर्वाधिक बळी फ्रान्समध्ये गेले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत ठिगळ म्हणून वापरलेल्या, मृतांच्या मेंदूवरील आवरणातून जपानमध्ये 150 हून अधिक जणांना आजार झाला. दोन्ही मार्गांनी मिळून जगभरातील बळींची संख्या 400 च्या पुढे जाते. संप्रेरक आता प्रयोगशाळेत जैवतंत्रज्ञानाने बनते आणि ती वाट बंद झाली आहे. मात्र या जुन्या उपचारांनंतर 30-40 वर्षांनीही रुग्ण आढळत राहिले.

उपकरणांची वाट अजून पूर्ण बंद झालेली नाही. झ्युरिकमध्ये 1970 च्या दशकात अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांच्या मेंदूत चांदीच्या विद्युताग्रांनी नोंदी घेण्यात आल्या. तीच विद्युताग्रे त्याआधी क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजार असलेल्या एका वृद्धेच्या मेंदूत घातली गेली होती. मधल्या काळात त्यांची बेंझिन, 70 टक्के अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडची वाफ यांनी सफाई झाली होती, म्हणजे त्या काळच्या नियमाप्रमाणे सारे यथास्थित होते. दोन्ही तरुणांना आजार झाला. पुढे ही विद्युताग्रे पुन्हा पुन्हा स्वच्छ करून, शेवटच्या वापरानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने एका चिंपांझीच्या मेंदूत बसवली तेव्हा तोही आजारी पडला. फॉर्मॅलिनचा असा धडा त्याच्याही कितीतरी आधी मिळाला होता. स्कॉटलंडमध्ये 1935 च्या सुमारास मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेल्या आणि फॉर्मॅलिनने ‘निष्क्रिय’ केलेल्या एका लसीच्या सुमारे 18,000 मात्रांच्या घाण्यातून स्क्रेपी पसरला. फॉर्मॅलिन प्रिऑनला मारत तर नाहीच, उलट त्याला अधिक चिवट करतो. तरीही फॉर्मॅलिनमध्ये बुडवले म्हणजे निर्धोक झाले, असे मानणारी माणसे शवविच्छेदनगृहांत आजही भेटतात.

अडचण कोठे आहे हे नीट समजून घ्यायला हवे. निदान ठाऊक असलेल्या रुग्णाबाबत सहसा चूक होत नाही, तेथे सगळे सावध असतात. स्मृतिभ्रंशाचे कारण कळत नाही म्हणून मेंदूचा तुकडा तपासायला काढतात, उपकरणांचा संच नेहमीप्रमाणे धुऊन ऑटोक्लेव्हमधून काढून दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मेंदूत वापरतात आणि प्रिऑनचा अहवाल येतो तो काही आठवड्यांनी. धोका असतो तो येथे. 2013 मध्ये अमेरिकेत अशाच एका प्रसंगानंतर नंतरच्या रुग्णांना बोलावून, तुम्हांला कदाचित बाधा झाली असेल आणि तसे तपासण्याचा उपाय आमच्याकडे नाही, असे सांगण्याची पाळी आली. उपाय अवघड नाहीत. अशा तपासणीत वापरलेला संच निदान होईपर्यंत बाजूला ठेवावा. शक्य तेथे एकदाच वापरायची उपकरणे घ्यावीत. उपकरणे धुण्यापूर्वी वाळू देऊ नयेत, कारण पोलादावर वाळून चिकटलेले प्रथिन काढणे महाकठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, तीव्र हायपोक्लोराइट आणि 134 अंशांवर 18 मिनिटांचे निर्जंतुकीकरण यांसंबंधी मार्गदर्शन केले आहे. रुग्णालयांच्या निर्जंतुकीकरण विभागात हा तक्ता भिंतीवर असतो का आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला त्याचा अर्थ कोणी समजावला आहे का, एवढे दोन प्रश्न तपासणी पथकांनी विचारले तरी पुष्कळ होईल.

प्रयोगशाळेतील धोकाही काल्पनिक नाही. फ्रान्समध्ये 2010 साली एका तरुण संशोधन-तंत्रज्ञाच्या अंगठ्यात दूषित चिमट्याचे टोक घुसले. साडेसात वर्षांनी लक्षणे दिसली आणि 2019 मध्ये मृत्यू झाला. दुसरा एक संशयित रुग्ण पुढे आल्यावर 2021 मध्ये तेथील सार्वजनिक संशोधन संस्थांनी प्रिऑनवरील काम काही काळ थांबवले होते.

या साऱ्या पार्श्वभूमीवर हरणांच्या आजाराकडे पाहावे. कोलोरॅडोमधील बंदिस्त हरणांत तो 1967 मध्ये प्रथम दिसला. आज तो अमेरिकेच्या 30 हून अधिक राज्यांत आणि कॅनडात आहे, दक्षिण कोरियातही आढळला आहे आणि 2016 मध्ये नॉर्वेतील रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा त्या देशाने एका खोऱ्यातील दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा कळपच्या कळप नष्ट केला. गुरांच्या आजाराहून तो एका बाबतीत वाईट आहे: प्रिऑन लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडतात, मातीतील चिकण कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकतात आणि तेथे चरणाऱ्या पुढच्या हरणाला बाधतात. माणसाला तो झाल्याचे एकही प्रकरण सिद्ध झालेले नाही आणि प्राण्यांच्या एका जातीतून दुसरीत जाताना प्रिऑनला मोठा अडथळा ओलांडावा लागतो, हेही खरे. बातमीत हे जरूर छापावे, पण त्याच्या शेजारी सुप्तकाळ किती वर्षांचा असू शकतो, शिकारीचे मांस खाणाऱ्यांवर नजर कोण ठेवते आहे आणि बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असा सल्ला आरोग्य यंत्रणा का देतात, हे तीन तपशील द्यावेत. एवढे दिले तर ‘झॉम्बी’ या शब्दाची गरज पडणार नाही.

शेवटचा मुद्दा शवविच्छेदनाचा. खात्रीचे निदान आजही मेंदूची ऊती तपासूनच होते आणि उपचार उपलब्ध नाहीत. मलेरियावरील क्विनाक्रिनसारख्या औषधांच्या चाचण्या निष्फळ ठरल्या आणि प्रथिनाची निर्मितीच कमी करू पाहणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्या नुकत्या कोठे सुरू झाल्या आहेत. अशा वेळी नवा प्रकार अवतरला तर तो कळण्याची जागा एकच, ती म्हणजे मेंदूची तपासणी. प्रत्यक्षात नातेवाईक संमती द्यायला तयार असतात आणि प्रयोगशाळाच संसर्गाच्या भीतीने नकार देते, असे पुष्कळदा घडते. ही भीती अनाठायी आहे. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेले मेंदूचे तुकडे तीव्र फॉर्मिक आम्लात तासभर ठेवले की त्यांची संसर्गक्षमता जवळजवळ नाहीशी होते आणि मग ते इतर कोणत्याही नमुन्यासारखे हाताळून काप घेता येतात. करवतीने कवटी कापताना उडणारे कण अडवण्यासाठी आच्छादन, दुहेरी हातमोजे व चेहऱ्यावर झडप आणि वापरलेल्या वस्तू जाळण्याची सोय, एवढ्यावर हे काम कित्येक विभागांत वर्षानुवर्षे सुरक्षितपणे चालू आहे. मज्जासंस्थेच्या विकृतिशास्त्राचे किमान एक प्रादेशिक केंद्र असे शवविच्छेदन नाकारणार नाही, याची लेखी हमी आरोग्य खात्यांनी घ्यावी आणि क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजाराची नोंद कायद्याने सक्तीची करावी, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा.

कळावे,
आपला,
विकृतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक